नागवेकरचा करवंटीचा कोळसा

हरिहर नागवेकर दारू करायचा आणि मी दारूला शिवत नाही. मी हर्णैचा मुसलमान, हज करून आलेला. तरी त्याच्यावर लिहितोय. ज्याला खटकेल त्याने पान उलटावं.

नागवेकर गुहागरकडचा भंडारी. त्याच्या आज्याकडे माडांचा मक्ता होता. कमरेला कोयती, पायात दोराचा फास, सकाळ-संध्याकाळ माडावर. मग दारूबंदी आली, मक्ता गेला, बाप मुंबईला गोदीत लागला आणि नातू डिप्लोमा करून सौदीला आला. दम्मामच्या एका कंत्राटदाराकडे पंपांच्या देखभालीचा फोरमन. राहायला कतीफमध्ये, खजुराच्या बागांना लागून एका जुन्या बैठ्या घरात. मागे उंच भिंतीचं अंगण आणि अंगणात एकच खजूर. घरात बायको प्रमोदिनी आणि मुलगी रेवा. रेवा इंडियन स्कूलमध्ये बारावीला. बाप मराठीत विचारायचा, पोरगी इंग्रजीत उत्तर द्यायची आणि भांडण दोघं हिंदीत करायची.

मी तेव्हा दम्माममध्ये क्रेनवर रिगर होतो. उरलेल्या वेळात लोकांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, नोकरी सोडायचे रिलीजचे कागद, अडकलेले पासपोर्ट घेऊन फिरायचो. शाळा सातवीपर्यंत. अरबी शिकलो ती लेबर ऑफिसच्या व्हरांड्यात, शिपायांशी भांडून. नागवेकरशी ओळखही भांडणातूनच झाली. त्याच्या हाताखालच्या माणसाची सुट्टी कंपनीने दाबली होती. मी थेट साइटवर जाऊन आवाज चढवला. कंपनीतला कोणी पुढे आला नाही, हा आला. "ओरडू नको, भाई," म्हणाला, "सही मी करतो. पण तू हर्णैचा ना? तुमच्याकडे बोलतात की भांडतात ते बाहेरच्याला कळत नाही." त्या दिवसापासून आम्ही दोस्त.

दारू तो विकत नव्हता. वर्षातून एकदा, गुळाची, स्वतःपुरती. ती निघायची कशी ते मी पाहिलेलं नाही आणि पाहिलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. सौदीत त्याची शिक्षा काय हे त्यालाही माहीत होतं, मलाही. या विषयावर मी त्याला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. तो हसायचा.

"दारू काय, कुठलाही गाढव काढतो," तो म्हणायचा. "भंडारी ओळखायचा तो त्यानंतर. थांबता आलं पाहिजे."

त्याचं थांबणं मी पाहिलं आहे. आधी कोळसा. बकाल्यात केरळी दुकानदाराकडून नारळ आणायचा, खोबरं वहिनी वाटणाला घ्यायच्या, करवंट्या ह्याच्या. झाकणाच्या डब्यात भरून, फटी मातीने लिंपून, अंगणात भाजायचा. डबा पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचा नाही. मग तो कोळसा कुटायचा, चाळायचा आणि पाणी नितळ येईतो धूत बसायचा. बोटांच्या टोकांत काळं इतकं मुरलेलं की नमस्कार केला तरी दिसावं. कामावर सगळ्यांना वाटायचं, पंपाचं ग्रीस आहे. एका लांब स्टीलच्या नळीत खाली कापड, वर कोळसा. त्यातून कच्ची दारू थेंब थेंब उतरायची. घशाला ओरबाडणारा वास कोळशात राहायचा. एकदा घाई म्हणून त्याने हुक्क्याचा तयार कोळसा वापरला. तो पटकन पेटावा म्हणून त्यात काहीबाही घातलेलं असतं. सगळ्या रमला फटाक्यांचा वास लागला. वहिनींनी ती मोरीत ओतली. त्यानंतर करवंटीशिवाय दुसरा कोळसा घरात आला नाही.

कोळशानंतर लाकूड. गाळलेली दारू पाण्यासारखी दिसते, तिला रंग आणि गोडवा लाकडातून येतो. कंपनीच्या यार्डात परदेशी कॉम्प्रेसरखाली आलेले ओकचे ठोकळे पडले होते. ते तासून, आगीवर तांबूस होईतो शेकून, त्याने काचेच्या बरण्यांत टाकले आणि बरण्या उन्हाळाभर जिन्याखाली ठेवल्या. हे शहाणपण त्याला आलं ते एका मोठ्या गाढवपणानंतर, आणि तो गाढवपणा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ओकच्या आधीच्या वर्षी त्याने कतीफच्या किनाऱ्यावर एक मोडीत काढलेली जुनी होडी पाहिली. अस्सल सागवान. कोकणी माणसाला सागापुढे दुसरं लाकूड दिसत नाही. घराचं दार सागाचं, झोपाळा सागाचा, तिरडीलाही साग मिळाला तर सोडणार नाही. ह्याने त्या होडीची फळी आणली, तुकडे केले, शेकले, बरणीत टाकले आणि सगळीकडे सांगत सुटला, यंदाची रम राजाला शोभेल अशी.

झाकण उघडलं तेव्हा मी तिथे होतो. रेवा दाराशी होती. नाकाला हात लावून म्हणाली, "पप्पा, इट्स फिश."

"फिश नाही, समुद्र," नागवेकर म्हणाला. "जुन्या सागाला येतो."

मी फळीचा उरलेला तुकडा उचलला आणि नुसता हुंगला. माझा बाप जन्मभर होड्यांना माशाचं तेल चोळत होता. पाणी धरू नये म्हणून लाकडाला ते पाजतात, इथेही आणि हर्णैलाही. त्या फळीने किती वर्षं तेल प्यायलं होतं, अल्ला जाणे.

"नागवेकर," मी म्हटलं, "तू दारूत सुका बोंबील घातलास."

तो चिडला. भंडाऱ्याच्या हातून दारू बिघडत नाही, म्हणाला. पुन्हा करवंटीचा कोळसा, पुन्हा नळी, पुन्हा पुन्हा. शेवटी वास गेला. एकदम साफ, काही म्हणता काही नाही. त्याने विजयी मुद्रेने घोट घेतला आणि उठून मोरीकडे गेला. वहिनींनी त्यातली एक बाटली ठेवून दिली. आरसे आणि काचा पुसायला बरी पडते, म्हणाल्या. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. नवऱ्याची एक तरी चूक घरात जपून ठेवावी, एवढी अक्कल त्या बाईला होती.

मग आली नितकातची वर्षं. सौदी लोकांना नोकरीत घ्या, नाहीतर बाहेरच्यांचे इकामे बंद, असा तो हुकूम. किती सौदी कामावर आहेत त्यावरून कंपन्यांना रंग दिले, हिरवा, पिवळा, लाल. सौदी पोरांना काम मिळावं, याला माझा कधीच विरोध नव्हता. त्यांचा देश आहे. माझा विरोध होता तो आमच्या घामावर मोठ्या झालेल्या आणि रंग बदलताच हात झटकणाऱ्या मालकांना. नागवेकरची कंपनी लाल झाली. म्हणजे त्याचा इकामा नव्याने होणार नाही, आणि त्याचा नाही तर बायको-पोरीचाही नाही. लाल कंपनीतला माणूस जुन्या कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर इकामा असतो त्या मालकाला, न विचारता दुसरीकडे नाव लावू शकत होता, पण दुसरा कफील आधी मिळायला हवा. २०१३ सालची ती मुदत सगळ्यांना आठवत असेल. ऑफिसांबाहेर लोक पुठ्ठे अंथरून बसायचे.

रेवाची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. मुदत संपणार त्याच्या कितीतरी आधी. मुदतीत कफील नाही मिळाला तर तिघांनी गाशा गुंडाळायचा आणि पोरीचं वर्ष वाया. नागवेकरला स्वतःची पर्वा नव्हती. गुहागरला जाऊन पंप दुरुस्त करीन, म्हणायचा. पण पोरीचं वर्ष म्हटलं की त्याचा आवाज खाली यायचा.

मी दारोदार फिरत होतो. एका कंपनीने वय जास्त म्हणून नाकारलं, एका दलालाला मी ऑफिसच्या दारातच सुनावलं. अशा वेळी नसरुद्दीन आला.

नसरुद्दीन माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीचा कॅम्प बॉस. हिरव्या रंगाची कंपनी, कडक इस्त्री, अत्तर. चहाच्या बूफियात आम्हा दोघांना बसवलं. कागद सगळे आपण करू, पोरगी आरामात परीक्षा देईल, म्हणाला. मग पाण्याची एक बाटली टेबलाखालून नागवेकरच्या पायाशी सरकवली.

"ये माल थोडा बास मारता है, साब. आपके कोयले की बहोत तारीफ सुनी है. बास निकाल दो, लकडी का रंग चढा दो. बाकी मेरा काम."

माल कुठला, असं मी विचारलं. "बाहर से आता है," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता चहा ढवळत बसला.

मी तिथेच उठलो होतो. नागवेकरने माझा हात धरून खाली बसवलं आणि ती बाटली पिशवीत टाकली.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर त्याचा फोन आला, ये. अंगणात गेलो तर खजुराच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला, समोर स्टुलावर काचेचा ग्लास. आतलं उन्हात हिऱ्यासारखं चमकत होतं.

"हुंग," म्हणाला.

मी ग्लासाला हात लावला नाही. नुसता वाकलो. काहीच वास नाही. पाणीसुद्धा कतीफमध्ये इतकं बिनवासाचं मिळत नाही.

"बघितलंस? टरपेंटाइनसारखी होती. भंडाऱ्याच्या कोळशातून विष जात नाही, भाई. ते कॅम्पवाले तसंही पिणारच आहेत. घाण पिण्यापेक्षा माझ्या हातची साफ पितील. पुण्यच आहे."

"तुला वहाब आठवतो?" मी विचारलं.

वहाब म्हणजे महाडचा प्लंबर. कॅम्पमधली दारू प्यायला आणि दुसऱ्या दिवशी उठून म्हणाला, लाइट का नाही लावत. त्याला विमानात मी बसवला, हाताला धरून. आता घराच्या ओट्यावर बसून असतो, आवाजावरून माणूस ओळखतो.

"आठवतो. तो घाण दारू प्यायला होता."

"घाण नव्हती. मी त्याला विमानतळावर विचारलं, मूर्खा, वास नाही आला? तर म्हणाला, रफीकभाई, वास चांगला होता." माझा आवाज चढला होता. "वास ही एकच गोष्ट त्या माणसांच्या बाजूने आहे. ती तू काढून घेतोयस. डोळ्यांनी आंधळे व्हायच्या आधी तू त्यांना नाकाने आंधळे करतोयस."

"तू पीत नाहीस. तुला यातलं काय कळतं?"

"मला दारूतलं कळत नाही. तुझ्यातलं कळतं. तुला पोरीचं वर्ष वाचवायचंय आणि त्याला पुण्याचं लेबल लावतोयस."

तो उठला. मीही उठलो. आम्ही दोघं इतक्या जवळ आलो होतो की एखाद्याचा हात उठला असता. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. हातात काचा पुसायची बाटली.

"अहो, हात पुढे करा."

"प्रमोदिनी, आत जा."

"हात."

त्याने हात पुढे केला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या आवाजाला नाही म्हणायची सोय राहिलेली नसते. वहिनींनी त्याच्या काळ्या बोटांच्या तळव्यावर थोडं ओतलं.

"हुंगा."

त्याने हुंगलं. "काही नाही."

"ही होडीची. तुमच्याच कोळशाने वास गेला होता ना? आता जिभेला लावा."

नागवेकरने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग जीभ लावली. त्याचा चेहरा आंबट झाला आणि तसाच राहिला. बराच वेळ तळवा लेंग्याला पुसत होता.

"मासा तिथेच आहे," वहिनी म्हणाल्या. "माशाला चव तरी होती म्हणून तुम्हाला कळलं. त्या नसरुद्दीनच्या बाटलीत जे असेल, त्याला चवही नसली तर कोण सांगणार? रेवाचं वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी बसेल ती. आंधळा झालेला कुठल्या वर्षी बघणार?"

आतून रेवा म्हणाली, "मम्मी इज राइट." कोणी तिला विचारलं नव्हतं. पण घराच्या भिंती पातळ आणि पोरीचे कान तिखट.

नागवेकर खाली बसला. स्टुलावरचा ग्लास उचलला आणि नेऊन मोरीत ओतला. परत येऊन म्हणाला, "कोळशाला जे धरता येतं तेच तो धरतो. आजा सांगायचा हे. मीच विसरलो." मग माझ्याकडे वळून, "आणि तू माझ्या अंगणात माझ्यावर ओरडू नको. बाहेर रस्त्यावर ओरड."

नसरुद्दीनला निरोप मीच दिला. काय शब्दांत, ते छापण्यासारखं नाही. त्याच आठवड्यात त्याच्या कॅम्पमध्ये गेलो आणि जेवणाच्या हॉलमध्ये उभा राहून सांगितलं: प्यायची नाही तर उत्तमच, पण ज्याला ऐकायचं नाही त्याने एवढं ऐका, बिनवासाची आणि रंगदार दारू सगळ्यात वाईट. मशिदीतल्या एकाने मला नंतर गाठलं. हाजीसाहेब, तुम्ही दारू निवडायला शिकवता? मी म्हटलं, मी डोळे वाचवायला शिकवतो, तुम्ही जरा मैयतीचे कागद करायला माझ्याबरोबर चला, मग बोलू. आला नाही.

पण कफील काही मिळाला नव्हता. मुदत सरत होती. मग मला अबू हसन आठवला. कतीफचाच म्हातारा बागवान, त्याच्या एका मजुराचे कागद मी करून दिले होते. खजुराचा पाक करून विकायचा आणि दर वेळी एकच रडगाणं: विहिरीच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास, तो पाकात उतरतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्याला पंप बघणारा माणूसही हवा होता. छोट्या बागेला मोठ्या कंपन्यांचा तो रंगांचा हिशेब लागत नव्हता, मी आधीच चौकशी केली होती.

नागवेकरला घेऊन गेलो. त्याने बरोबर ती घरचीच दारू गाळायची नळी आणली होती, करवंटीचा ताजा कोळसा भरून. विहिरीचं पाणी वरून ओतलं. थेंब थेंब खाली पेल्यात. अबू हसन उकिडवा बसून बघत होता. पेला भरल्यावर हुंगला, प्यायला, पुन्हा हुंगला.

"कुठे शिकला हे?" त्याने मला अरबीत विचारलं.

मी नागवेकरला विचारलं. "आज्याकडे," तो म्हणाला.

"आजोबा काय करायचे?"

आता काय सांगायचं, म्हणून मी जरा थांबलो. नागवेकरला प्रश्न कळला होता. त्याने हाताने दोर कमरेला बांधल्यासारखं केलं आणि झाडावर चढून दाखवलं, जागच्या जागी. अबू हसन दात दाखवून हसला. स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्यानेही तसंच चढून दाखवलं. त्याचाही आजा खजुरावर चढणारा.

मग म्हाताऱ्याने नळी उचलली, वरचं तोंड नाकाशी नेलं. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. तो बराच वेळ नाक तिथेच धरून होता. नळी खाली ठेवली आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "नवी नळी आण. आणि घरात याच्या सोबतीचं जे असेल ते खलास. मग मी नाव लावतो. माझ्या बागेत पाणी गाळायचं, दुसरं काही नाही."

मी भाषांतर केलं. तो जगातला सगळ्यात स्पष्ट करार होता आणि त्यावर सही कोणाचीच नव्हती. नागवेकरला ते पटेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. जिन्याखाली ओकच्या बरण्या होत्या, दोन उन्हाळे मुरलेल्या. त्याच्या मते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाला, "यल्ला." चला.

दुपारी, शेजारी झोपलेले असताना, बरण्या मोरीत ओतायच्या ठरल्या. वहिनी नळ सोडून उभ्या. पहिली बरणी उघडली आणि सगळं घर दरवळलं. गूळ, धूर, पावसात भिजलेलं लाकूड, काय काय होतं त्यात. मला कबूल करायलाच हवं, वास वाईट नव्हता. पण तो भिंत ओलांडून शेजारी गेला असता तर तुरुंग नक्की.

"रफीकभाई, ऊद आहे घरात," वहिनी म्हणाल्या. "पाहुण्यांनी दिलेला."

मी धूपदाणी शोधली. निखारा कशाचा? अंगणात डब्यात उरलेला करवंटीचा कोळसा होता. तो पेटवला, वर ऊद ठेवला आणि मी, हाजी रफीक, त्या दारूवाल्याच्या घरभर धूप फिरवत राहिलो. मोरीत, जिन्याखाली, पडद्यांना, दाराला. रेवा खोकत माझ्यामागे. "अंकल, इट्स टू मच." टू मचच पाहिजे होतं.

शेवटच्या बरणीतला एक पेला नागवेकरने बाजूला ठेवला. मला वाटलं, पिणार. तो अंगणात गेला, खजुराच्या बुंध्याशी उकिडवा बसला आणि पेला मुळात ओतला. हात जोडले.

"हे काय?" मी विचारलं.

"राखणदाराला."

"अरे, गुहागरचा राखणदार इथे कुठला?"

"इथला कोणी असेलच ना," तो म्हणाला. "इतकी वर्षं त्याच्या जागेत राहिलो. दारूचा निरोप घेताना त्याचा पेला रिकामा ठेवायचा नाही."

वाद घालायला माझा हात मोकळा नव्हता, त्यात धूपदाणी होती.

भिंतीपलीकडून शेजारणीने हाक मारली. एवढा ऊद कशाचा, काही खुशी आहे का? वहिनी मोडक्या अरबीत ओरडल्या, नवं काम मिळालं. थोड्या वेळाने तिच्या घरातून खजुरांची थाळी आली.

इकामा झाला. त्यावर धंदा लिहिला होता पंप मेकॅनिक. रेवाने मार्चमध्ये परीक्षा दिली, आता ती पुण्यात आहे. नागवेकर अबू हसनच्या बागेत पाणी गाळतो. नळी बैलाच्या मांडीएवढी जाड आहे आणि पाकाला अंड्याचा वास येत नाही. बोटं अजून काळी आहेत. भेटला की नमस्काराऐवजी आधी हात माझ्या नाकाशी धरतो आणि विचारतो, "सांग, काय वास येतो?"

"कोळशाचा," मी म्हणतो.

त्या दिवशी धूप विझल्यावर त्याने धूपदाणी उचलून आत पाहिलं होतं. निखारा शेवटपर्यंत जळून राख झाला होता, पांढरी, बारीक.

"भाई, धूर झाला का?" त्याने विचारलं होतं.

"उदाचा झाला. तुझ्या कोळशाचा नाही."

"मग? भंडाऱ्याने भाजलेला आहे," नागवेकर म्हणाला आणि छाती फुगवून कोळशाचा डबा घासायला घेतला.